बेगड लावलेली दुर्बीण

माझ्या दुकानात घड्याळ कधी दुरुस्त झालं नाही आणि बंदूक कधी दुरुस्त झाली नाही. बाकी जे जे बिघडतं ते सगळं आलं. स्टोव्ह आले, गॅसबत्त्या आल्या, शिलाईच्या मशिनी, फवारणीचे पंप, वाण्याचे तराजू, भजनाची पेटी, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरचं पायाने चालवायचं कोरायचं यंत्र. घड्याळ घेत नव्हतो, कारण त्याला मान खाली घालून एका जागी बसावं लागतं आणि माझ्या बुडाला तेवढी बैठक देवाने दिली नाही. बंदूक घेत नव्हतो, कारण ती नीट झाली की नाही हे बघायला उडवावी लागते. आपलं काम झालं की नाही हे आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हा माझा नियम. तो मी एकदाच मोडला. त्याचीच हकिकत सांगायला बसलो आहे.

मला चौथीच्या पुढे शाळा नाही. काना-मात्रा सूनबाईने बघितल्यात, वाक्यं माझी आहेत. तिने दोन ठिकाणी बदला म्हणून सांगितलं. बदललेलं नाही.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. बिघाड दोन तऱ्हेचे. एक, वस्तू आपोआप बिघडते. झीज होते, गंज चढतो, वॉशर सुकतो. तो बिघाड सोपा. दुसरा, आपल्या आधी कुणीतरी ती वस्तू दुरुस्त केलेली असते. पेणमध्ये माझं निम्मं आयुष्य या दुसऱ्या बिघाडात गेलं. माणूस घरात रिकामा असला की स्क्रू फिरवून बघतो, आणि उरलेला एक स्क्रू डबीत टाकून म्हणतो, हा जास्तीचा होता.

गणपतीच्या आधी दोन महिने माझी झोप जायची. पेणचे मूर्तींचे कारखाने तेव्हा रात्रीचा दिवस करायचे आणि वीज हवी तेव्हा नसायची. मग गॅसबत्त्या. खाली रॉकेलची टाकी, पंपाने हवा भरायची, तापल्यावर रॉकेलची वाफ बारीक भोकातून वर जाते आणि जाळीचं मेंटल पेटतं. एका कारखान्यात डोळे आखणारा एक म्हातारा कारागीर होता. तो फक्त डोळेच आखायचा, बाकी रंगाला हात लावायचा नाही. तो बत्ती परत परत पाठवायचा. म्हणायचा, बत्ती श्वास घेते, त्यामुळे बुबुळ फुगतं. मला काही दिसायचं नाही. मी वॉशर बदलला, कातडं खोबरेल तेलात भिजवलं, मेंटल बदललं. परत बत्ती दारात. शेवटी रागाने त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने ब्रश टेकवला आणि म्हणाला, "हां, आता घेतला." मला तरी दिसलं नाही. पण भोकाचा नोझल काढून उन्हाकडे धरला तर भोक गोल नव्हतं, लांबट झालं होतं. नवा बसवला. पुढे बत्ती आली नाही. म्हाताऱ्याने बरं झालं असंही म्हटलं नाही. ती माणसं तशीच.

दुसरी गोष्ट रामवाडीच्या एका शिंप्याची. त्याची मशीन दुरुस्त करून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तो चार माणसं घेऊन दुकानासमोर उभा. म्हणे, मेस्त्रीने आतलं, खालचा दोरा फिरवणारं विलायती शटल काढून देशी टाकलं. मी तसं केलेलं नव्हतं. पण दुरुस्तीवाल्याने माल बदलला हे लोकांना लगेच पटतं, कारण मशीन उघडली तेव्हा आत काय होतं ते मालकाने कधी बघितलेलंच नसतं. सहा महिने माझ्याकडे कुणी शिलाईची मशीन आणली नाही. पुढे त्या शिंप्याच्या भावाने सांगितलं की शटल पहिल्यापासून देशीच होतं. तोवर माझ्या बायकोने घरात शेंगदाण्याचे लाडू करून विकायला सुरुवात केली होती. ते तिला आजही आठवतं आणि मलाही.

आता दुर्बीण.

रोह्याची गाडी सुरू होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. निडी स्टेशनवर उतरून शेतातून चालत गेलं की एक मुसलमान वस्ती लागते. तिथला इकबाल मस्कतला कंपनीत होता. लांब रजेवर आला, तो एक दिवस गोणपाटात गुंडाळलेली लांबलचक वस्तू घेऊन दुकानात शिरला. मला वाटलं फवारणीचा पंप. उघडलं तर पितळेची दुर्बीण, हाताच्या दीडपट लांब, पुढच्या तोंडाला बशीएवढं भिंग बसेल असा गाळा, आणि मध्ये हा एवढा पोचा. तिवईचा एक पाय वाळवीने खाल्लेला. आणि भिंगं वेगळी, जुन्या मलमलच्या दुपट्ट्यात बांधून आणलेली.

त्याचा आजा जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. निवृत्त होताना कुणा कप्तानाने त्याला ती दिली. आजा गेल्यावर ती माळ्यावर पडली. आणि घरात या दुर्बिणीवरून एक भांडण होतं, ते इकबालने हसत हसत सांगितलं. त्याची आई, हलीमाचाची, नवी नवरी म्हणून त्या घरात आली तेव्हा सासऱ्यांनी तिला एकदा अंगणात बोलावून दुर्बिणीतून चंद्र दाखवला होता. तेव्हापासून ती सांगत आली की चंद्राला जाळी आहे, घावण्याला पडते तशी. नवरा हसला, दीर हसले, पोरं मोठी झाली ती हसली. चंद्रावर खड्डे आहेत हे पोरं शाळेत शिकली होती, पण या माळ्यावरच्या नळीतून ते दिसले यावर कुणी विश्वास ठेवेना. नळीतून बघितलं की सगळ्यांना उजेडाचा एक गोळा दिसायचा. आता इकबालचा मुंबईचा मेव्हणा ती मागत होता. त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात शोभेला ठेवणार होता.

"मी अम्मीला बोललोय," इकबाल म्हणाला, "जायच्या आधी जर तुझी जाळी दिसली तर दुर्बीण इथंच राहील. नाय दिसली तर मेव्हणा नेईल. मग तिने पण काय बोलायचं नाय."

मी विचारलं, कधी जाणार. भाद्रपदात, म्हणाला. मी हो म्हटलं. पाऊस चार दिवसांवर होता, आणि मी हो म्हटलं. यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

पोचा काढायला एका सुताराकडून फणसाच्या लाकडाचा गोळा करून घेतला, नळीत अगदी घट्ट बसेल असा, आणि एरंडेल लावून हळूहळू आतून ठोकत नेला. पितळ वाजतं तेव्हा त्याच्या आवाजावरून कळतं, आता फाटेल की सरळ होईल. ते सरळ झालं. मागचं डोळ्याकडचं नळकांडं पुढेमागे करायला दातेरी पट्टी असते आणि त्यावर फिरणारी छोटी चक्री. चक्रीचे दात गेले होते. ती पितळेच्या सळईतून कानशीने घासून केली. पहिल्या दोन फुकट गेल्या. तिवईचा पाय सुताराने करून दिला. पितळ मात्र मी चमकवलं नाही. मेव्हण्याने नंतर तेही बोलून दाखवलं.

खरं काम भिंगांचं. पुढचं भिंग एक नसतं, दोन असतात, एकावर एक. एक दोन्ही बाजूंनी फुगलेलं, दुसरं एका बाजूने खोलगट आणि हाताला जड. कुठलं आकाशाकडे आणि कुठलं आत, कुठली बाजू कुठल्या बाजूला, हे कुठे लिहिलेलं नाही. मी दुकानाच्या माळ्यावर चढून, पावसाने उसंत दिली की, लांबच्या विजेच्या मनोऱ्याकडे रोखून एकेक तऱ्हा करून बघितली. पहिल्यांदा मनोरा दिसला तो उलटा. खाली डोकं वर पाय. मी सगळं परत सोडवलं. परत उलटा. दोन दिवस त्यात गेले. शेवटी निडीला गेलो तेव्हा चाचीने सांगितलं, ती उलटीच दाखवते, सासरे म्हणायचे आभाळाला कुठं वर-खाल असतं. ही गोष्ट इकबालला ठाऊक नव्हती. त्या दिवसापासून मी त्याला काही विचारायचं सोडलं आणि चाचीला विचारू लागलो.

फुगीर भिंग आकाशाकडे ठेवलं की मनोरा सगळ्यात बरा दिसायचा. बरा म्हणजे बरा. त्याच्या प्रत्येक सळईला दोन्ही बाजूंनी रंगाची भुरकट झालर. भिंगं एकमेकांवर ठेवून दाबली की आत रंगीत वर्तुळं उमटायची, पाण्यावर रॉकेल सांडल्यावर उमटतात तशी. हे काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मी जेवताना ताटाच्या कडेला दोन वाट्या एकात एक घालून बघायचो. बायको म्हणायची, अहो, आमटी वाढू की वाट्या घेऊन उठताय?

मग एक दिवस भिंग तिरपं धरलं आणि कडेला तीन ठिकाणी चौकोनी डाग दिसले. डाग म्हणजे मळ नव्हे, उलट तेवढीच काच जास्त स्वच्छ. तीन, सारख्या अंतरावर. तिथे काहीतरी चिकटलेलं होतं आणि वर्षानुवर्षं होतं. तशीच गाडी पकडून निडी गाठलं.

चाची सुपात तांदूळ निवडत होती. मी डाग दाखवले. तिने भिंग नाकाजवळ नेलं.

"वर्ख होता," ती म्हणाली.

"कसला वर्ख?"

"मिठाईचा. पोरांनी बरण्यांना लावतात तसा खरकटा हात हिला पण लावला आसंल. ईदची सफाई काढली तेव्हा सगळं माळ्यावरचं खाली घेतलं. दोन काचा चिकटून बसल्या होत्या, रिठ्याच्या पाण्यात ठेवल्या, सुटल्या. मधी चांदीचे तीन तुकडे. नखाने खरवडले." मग माझ्या तोंडाकडे बघून तिने सूप खाली ठेवलं. "ते पायजे होते काय रे?"

ते पायजे होते. दोन काचांच्या मध्ये केसाएवढी फट राहावी म्हणून करणाऱ्याने ठेवले होते. ज्या बाईला ती दुर्बीण सगळ्यात जास्त हवी होती तिनेच, ईदची सफाई चांगली व्हावी म्हणून, तिचा जीव खरवडून काढला होता. ती उठून चहा टाकायला गेली. चहा झाला. निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मेस्त्री, इकबालला सांगू नको. हसंल."

चांदीचा वर्ख मी आणून बघितला. फुंकर मारली की उडतो, त्याने काही होईना. सिगारेटच्या पाकिटातला कागद जाड. मग मला बेगड सुचली. पेणमध्ये राहून ती इतक्या उशिरा सुचली याची मला लाज वाटते. गणपतीच्या मुकुटाला, बाजूबंदाला चिकटवतात तो चमकदार पत्र्याचा पातळ कागद. आषाढ संपत आला होता, कारखान्यात सगळीकडे बेगडीचे तुकडे पडलेले. एका ओळखीच्या बाईने मूठभर कातरण दिली आणि विचारलं, मेस्त्री, आता तुमी पण गणपती करायला घेतले का? मी निळी बेगड घेतली, का ते माहीत नाही. नखाएवढे तीन तुकडे कापून कडेला ठेवले, वर दुसरी काच ठेवली. रंगीत वर्तुळं गेली. मी दुकान बंद करून तळ्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मला बसवेना.

आता बघायला आकाश हवं होतं, आणि श्रावण होता. माझ्या दुकानाशेजारच्या बाकावर पेणजवळच्या वाशीकडचे, वडखळकडचे शेतकरी चहा पीत बसायचे आणि भात कसा उभा राहिलाय ते सांगायचे. सगळ्या तालुक्यात पावसाला शिव्या देणारा माणूस मी एकटा. मनोरा आठवडा-आठवडा दिसेना. गल्लीच्या टोकाला गॅसबत्ती ठेवली, तिच्यापुढे डब्याच्या पत्र्याला सुईने भोक पाडून लावलं, आणि ते भोक म्हणजे तारा असं धरून दुर्बिणीतून बघितलं. गल्ली अपुरी पडली. नळकांडं जेवढं मागे यायला हवं तेवढं येईना. लोक मात्र जमले. एकाने विचारलं, बत्ती इथून दिसत नाय काय?

दुपारी ऊन पडलं की मी उठायचो, दुर्बीण बाहेर काढायचो, संध्याकाळी परत ढग. बायको म्हणाली, घरात बाळंतीण असल्यासारखे फेऱ्या मारताय.

आणि मग गणेश चतुर्थीला आभाळ उघडलं.

सकाळी गणपती बसला. दुपारची आरती करून ओट्यावर आलो तर वर निळं स्वच्छ, धुतल्यासारखं. इकबालची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती, आणि मेव्हणा त्याच गाडीतून दुर्बीण नेणार होता. चंद्र संध्याकाळी पश्चिमेला थोडाच वेळ असणार, आणि तो आज, चवथीचा, आमच्यातल्या कुणीही बघायचा नाही तो.

परगावच्या वाचकाला सांगतो, चवथीचा चंद्र बघितला की चोरीचा खोटा आळ येतो असं आमच्याकडे धरतात. शहरातली माणसं हसतील. दुसऱ्या कुणावर आळ आला तर चार दिवस तोंड लपवायचं आणि विसरायचं. दुरुस्तीवाल्यावर आला तर दुकान जातं. माझं एकदा जाता जाता राहिलं होतं.

मी दुर्बीण गोणपाटात गुंडाळायला घेतली तेव्हा बायको मागे उभी होती. मला वाटलं आता भांडेल. ती म्हणाली, "जायचं तर जावा. चंद्र बघायचा तर तो पण बघा. पण उद्या कुणाचं शटल हरवलं तर लाडू वळायला मी नाय."

स्टेशनवर पोरांनी विचारलं, काका, तोफ घेऊन कुठं चाललात? गाडीत सगळ्या बायका मोदकाचे डबे घेऊन, आणि मी हे लांबडं मांडीवर घेऊन. निडीला उतरलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. मी पश्चिमेला पाठ करून चालायला लागलो आणि कळलं की वस्तीची वाट पश्चिमेलाच आहे. मग छत्री उघडली आणि पुढे धरली. कोरड्या आभाळाखाली छत्री धरून शेताच्या बांधावरून चालणारा माणूस त्या संध्याकाळी बऱ्याच जणांनी बघितला असेल.

अंगणात सगळे होते. इकबालच्या खोक्यांना दोऱ्या बांधून झाल्या होत्या. मेव्हणा खाटेवर बसून होता. चाचीने धुतलेली ओढणी घेतली होती, ईदला घेतात तशी. तिवई लावली, नळी चंद्राकडे वळवायला इकबालला सांगितलं, आणि मी तिच्या पुढच्या टोकाशी, भिंगाच्या वाटेत येणार नाही असा जरा बाजूला उभा राहिलो, चंद्राकडे पाठ करून, भिंगाकडे तोंड. भिंगं धरून ठेवायला आट्याची एक रिंग असते. ती फार आवळली तर काचेला ताण बसतो आणि चित्र बिघडतं, सैल सोडली तर काच हलते. किती आवळायची हे फक्त बघणाऱ्याला कळणार. आणि बघणारी चाची.

तिने डोळा लावला. इकबाल तिच्या मागे उभा.

"गोळा," ती म्हणाली. "उजेडाचा गोळा."

मेव्हणा खाटेवर जरा सरळ बसला. मी चाचीला मागची चक्री फिरवायला सांगितली, हळू.

"आता कडा आली. धुरकट हाय."

मी रिंग केसभर सोडली. "आता?"

"जांभळं दिसतंय. खाली जांभळं, वर पिवळं."

थोडी आवळली.

"नाय. आधीचं बरं होतं."

असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. इकबाल दर थोड्या वेळाने नळी हलवत होता, चंद्र सरकतो ना. मला पाठीवर तो चंद्र जाणवत होता असं लिहिलं तर सूनबाई खोडेल, पण जाणवत होता. चाची एकदाही कंटाळली नाही. मला त्या डोळे आखणाऱ्या म्हाताऱ्याची आठवण झाली. मी बत्तीला हात लावायचो आणि बघायचा तो. मेव्हणा म्हणाला, भाई, सकाळी लवकर उठायचंय. इकबाल आईला म्हणाला, "अम्मी, चांद डोंगराला लागला. राहू दे आता."

"तू गप," चाची म्हणाली. "मेस्त्री, मगाशी केलंस तसं कर. मगाशीच्या पण कमी."

मी रिंगवर नुसती बोटं ठेवली आणि दाब काढून घेतला. फिरवली असं म्हणताच येणार नाही.

"थांब," ती म्हणाली. "हात काढ."

मी हात काढला. ओढणी डोक्यावरून सरकली ती तिने सावरली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, त्या अंगणात बघायला माझ्याकडे तेवढंच होतं. मग ती बाजूला झाली आणि इकबालच्या दंडाला धरून त्याला पुढे ओढलं, लहान पोराला ओढतात तसं.

इकबाल वाकला. वाकलेलाच राहिला. मेव्हणा उठून त्याच्यामागे येऊन उभा राहिला, खाकरला, तरी तो हलेना. शेवटी आहे तसाच वाकून म्हणाला, "अम्मी, एवढी बारीक जाळी?"

"मंग मी काय बोलत होते इतकी वर्षं?"

मेव्हण्यालाही बघू दिलं. तो बघून म्हणाला, चांगली आहे. आणि परत खाटेवर जाऊन बसला. त्यानंतर फ्लॅटचं नाव कुणी काढलं नाही. इकबालने दुर्बीण उचलून स्वतः घरात नेली, गाडीकडे नाही.

चाचीने मला विचारलं, तू नाय बघत? मी सांगितलं, आमची चवथ. ती ओशाळली. तिला ठाऊक होतं, विसरली होती. म्हणाली, तुझ्या पाठीवर ठेवून सगळं बघितलं की रे आमी. मग मी छत्री उघडली, तर ती हसत म्हणाली, मिटव, गेला तो डोंगराआड.

आळ यायचा तो आलाच, न बघता. मेव्हण्याने मुंबईला जाऊन नातेवाइकांत सांगितलं की पेणच्या मेस्त्रीने आतली विलायती चांदी काढून घेतली आणि गणपतीची बेगड लावून दिली. जुन्या चांदीच्या जागी बेगड बसवली एवढंच मी इकबालला सांगितलं होतं, आणि त्यानेच ते गाडीत मेव्हण्याला कौतुकाने सांगितलं होतं. ते फिरत फिरत निडीला आलं तेव्हा चाचीने आपणहून सगळ्यांना सांगितलं की चांदी मी खरवडली, माझ्या नखाने. पोरं हसली. तिने हसू दिलं. माझं दुकान त्या वर्षी नीट चाललं.

आता माझ्या तक्रारीकडे येतो, कारण मी काही चांगुलपणाची गोष्ट सांगायला बसलेलो नाही.

पितृपक्ष संपून आभाळ मोकळं झालं तेव्हा मी निडीला गेलो, खास बघायला. अर्धा चंद्र होता. चाचीने अंगणात दुर्बीण लावून दिली. मी वाकलो. जाळी दिसली. खड्डे, त्यात भरलेली सावली, कडेचे डोंगर, सगळं. माझ्या हाताने झालेलं काम मी पहिल्यांदा बघत होतो. आणि चंद्राच्या वरच्या काठाला निळ्या रंगाची एक बारीक झालर. सुईच्या टोकाएवढी. पण होती.

मी लगेच रिंगकडे हात नेला. चाचीने माझ्या हातावर चापट मारली. खरोखरची चापट.

"काय करतोस?"

"निळं दिसतंय वर. जरा सोडतो."

"मला नाय दिसत निळं."

"चाची, हाय ते. पावपट आटा..."

"मेस्त्री, ती लागलीय. आता तिला हात लावायचा नाय. कुणी नाय."

मी चिडलो. मी म्हटलं, ज्याने केली त्याला हात लावू देत नाय म्हणजे काय. ती म्हणाली, मी पण सफाई करायला गेले होते, आठवतं ना. मी त्या दिवशी चहा न घेता निघालो.

रोह्याच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारे मास्तर एकदा तिकडे बघायला आले होते. त्यांनी मला समजावून सांगितलं की दोन काचांच्या जुन्या दुर्बिणीला ही निळी कड राहतेच, तो तिचा स्वभावच आहे, रिंग फिरवून जाणार नाही. चांगला माणूस, कागदावर आकृती काढून दाखवली. मी मान हलवली. मला पटलेलं नाही. रिंग पावपट सोडल्याशिवाय मला पटणार नाही.

दरवर्षी पाऊस उघडला की मी जात राहिलो. दरवर्षी निळी कड बघितली, दरवर्षी बोललो, दरवर्षी चाचीने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. तिला पुढे मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झाल्यावर मला निरोप आला. मी धावत गेलो, मनात म्हटलं आता तिला निळं दिसेल आणि ती स्वतःच म्हणेल. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, व्हय रे, निळं हाय. मी रिंग धरायला खिशातून कापड काढलं.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "राहू दे."

चाची जाऊन बरीच वर्षं झाली. दुर्बीण त्याच घरात आहे, इकबालची सून ती सांभाळते. पितळ तसंच काळवंडलेलं ठेवलंय, बेगड अजून आत आहे. मला बोलावतात, जेवायला घालतात, चक्रीला तेल घालू देतात, नळी पुसू देतात. आता माझाच एक डोळा निकामी झालाय, पण दुसऱ्याला निळी कड स्वच्छ दिसते. गेल्या खेपेला मी पुढच्या टोकाशी गेलो आणि नुसता वाकलो, भिंगावर धूळ आहे का ते बघायला. खरंच धुळीसाठी. ती पोर स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने धावत आली, दुर्बीण आणि माझ्यामध्ये उभी राहिली, आणि तिने तळहात रिंगवर ठेवला.